बांधकामाच्या खड्ड्याजवळ पाटी, पत्रे, दिवा : कायद्याने नक्की काय बंधनकारक आहे?

अंगणवाट | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. कोथरूडच्या पलीकडे राहते. आमच्या शेजारच्या जुन्या सोसायटीचा पुनर्विकास चालू आहे. गेल्या मंगळवारी रात्री पावणेनऊला माझे सासरे (वय ७१) शतपावलीला निघाले आणि त्या प्लॉटसमोरच्या चरात पडले. पाण्याची लाइन जोडायला पदपथ आडवा खणलाय, साधारण चार फूट खोल. वीज गेली होती. काठावर लाल-पांढरी रिबन बांधलेली होती म्हणे, पण ती एका टोकाने सुटून चरातच लोंबत होती. उजव्या मनगटाचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर.

दुसऱ्या दिवशी मी साइटवर गेले. सुपरवायझर म्हणाला, "ताई, पाटी लावली होती की. माणसानं बघून चालायला नको का?" पाटी खरंच आहे. 'सावधान, काम चालू आहे' असा फ्लेक्स प्लॉटच्या गेटवर बांधलाय. चर गेटपासून चाळीस पावलांवर, आणि गेटपुढे दिवसरात्र एक टेंपो उभा असतो.

तेव्हापासून डोक्यात एकच प्रश्न आहे. पाटी लावली की यांची जबाबदारी संपली का? पाटी कुठे, कशी, कोणत्या भाषेत असावी हे कुठल्या कायद्यात लिहिलंय का? गेटशेजारी आणखी एक मोठा बोर्ड आहे, त्यावर आर्किटेक्टचं नाव, परवानगीचा नंबर वगैरे आहे. सुपरवायझर तोही दाखवत होता. जाणकारांनी कृपया सांगावं.

---

परांची | सोमवार, रात्री ११:०५

अंगणवाट ताई, काकांना लवकर बरं वाटो. मी अठरा वर्षं साइटवर आहे, त्यातली शेवटची नऊ सुरक्षेच्या कामात. सुपरवायझरचं ते वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता राग आवरत नाही.

मूळ कायदा म्हणजे १९९६चा इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा, ज्याला सगळे बीओसीडब्ल्यू म्हणतात. त्याखाली केंद्राचे नियम १९९८चे आणि महाराष्ट्राचे २००७चे. २१ नोव्हेंबर २०२५पासून व्यावसायिक सुरक्षा संहिता २०२० लागू झाली आणि हा कायदा तिच्यात गेला. नवी व्यवस्था पूर्ण बसेपर्यंत जुन्या नियमांचा आधार चालू ठेवलाय, त्यामुळे साइटवर आजही आम्ही तेच नियम धरून चालतो.

आता तुमच्या मुद्द्यावर. केंद्रीय नियमांतला ४८वा नियम रहदारीबद्दल आहे. काम रस्त्यालगत असेल आणि वाहनांपासून कामगारांना धोका असेल तर त्या कामाला बॅरिकेड करायचं, आणि योग्य त्या इशारापाट्या व दिवे लावायचे. शिवाय गरज पडली तर रहदारी आवरण्यासाठी संबंधित खात्याला लेखी विनंती करायची. तिथला क्रम बघा. आधी अडथळा, मग पाटी आणि दिवा. हा नियम कामगारांसाठी लिहिलाय हे खरं, पण ज्या बॅरिकेडने कामगार वाचतो त्याच बॅरिकेडने तुमचे सासरेही वाचले असते. पाटी म्हणजे 'इथे काहीतरी आहे' एवढी सूचना. माणूस आत जाऊच नये हे काम पत्र्याचं आहे, पाटीचं नाही.

खोदकाम आणि बोगद्यांच्या प्रकरणात पाट्यांवर वेगळा नियम आहे. ठळक जागी, हिंदीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत. विजेच्या धोक्यासाठी ४७वा नियम, तिथेही हिंदी आणि कामगारांना कळणारी स्थानिक भाषा. दीड मीटरपेक्षा उंच मातीची कड अंगावर येऊ शकेल अशा ठिकाणी माणूस उतरवायचा तर कडेला आधार हवा, ते वेगळंच. पंधरा मीटर किंवा त्याहून उंच इमारत असेल तर कडेने किमान दोन मीटर रुंद छप्पर, म्हणजे वरून वीट-सळई पडली तर खालच्याच्या डोक्यात जाणार नाही. पादचाऱ्याच्या दृष्टीने हे छप्पर शंभर पाट्यांपेक्षा मोलाचं.

रिबनबद्दल एक सांगतो. रिबन म्हणजे बॅरिकेड नव्हे. दिवसा, माणूस समोर उभा असताना, तासाभराच्या कामाला ठीक. रात्री सोडून जायच्या चराला रिबन लावणं म्हणजे काहीच न लावणं.

---

वकीलमावशी | मंगळवार, सकाळी ७:४०

परांची यांनी कामगार कायद्याची बाजू चांगली सांगितली. पण ताईंचे सासरे कामगार नाहीत, रस्त्याने जाणारे नागरिक आहेत. त्यांच्यासाठी वेगळी दारं आहेत आणि ती जास्त कामाची आहेत.

पहिलं, भारतीय न्याय संहिता, १ जुलै २०२४पासून लागू. हाड मोडणं ही व्याख्येनेच 'गंभीर दुखापत' आहे. निष्काळजीपणाने दुसऱ्याचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात घालून गंभीर दुखापत केली तर कलम १२५(ब), तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. इमारत पाडताना, दुरुस्त करताना किंवा बांधताना पुरेशी काळजी न घेणं याला स्वतंत्र कलम आहे, २९०. सहा महिने किंवा पाच हजार किंवा दोन्ही. जुन्या भारतीय दंड संहितेत हे २८८ होतं, अनेकांना आठवत असेल. पोलीस ठाण्यात जाताना दवाखान्याचे कागद, एक्स-रे आणि जागेचे फोटो घेऊन जा.

दुसरं दार कोणालाच ठाऊक नसतं, म्हणून मुद्दाम लिहिते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १३३. सार्वजनिक रस्त्यालगत तळं, विहीर किंवा खोदकाम उघडं असेल तर कार्यकारी दंडाधिकारी संबंधिताला 'कुंपण घाल' असा आदेश देऊ शकतात. खोदकाम हा शब्द त्या कलमात आहे. कोणी पडण्याची वाट बघावी लागत नाही. तुमच्या गल्लीत उद्या दुसरं कोणी पडू नये असं वाटत असेल तर हा अर्ज करा.

तिसरं, नुकसानभरपाईचा दिवाणी दावा. इथे "पाटी होती" हा बचाव किती टिकतो ते बघू. अलाहाबाद उच्च न्यायालयाचा १९७८चा जौनपूर नगरपालिकेचा निकाल आम्ही कॉलेजात शिकलो. रस्त्यात खणलेल्या खड्ड्याला ना कुंपण, ना दिवा, ना धोक्याची खूण. रात्री एक सायकलस्वार त्यात पडला. त्याच्या सायकलला दिवा नव्हता, म्हणून चूक त्याचीही, असं नगरपालिकेचं म्हणणं होतं. न्यायालयाने ते मानलं नाही, जबाबदारी नगरपालिकेवरच ठेवली. खणणाऱ्यावर कर्तव्य आहे, चालणाऱ्यावर नंतर. तुमच्या सासऱ्यांच्या हातात टॉर्च नव्हता हा मुद्दा कोणी काढला तर हे लक्षात ठेवा.

अंधारात न दिसणारी पाटी, टेंपोमागची पाटी, चाळीस पावलांवरची पाटी यांना इशारा म्हणत नाहीत. इशारा धोक्यापर्यंत पोचण्याआधी, धोका टाळता येईल इतक्या अंतरावर मिळायला हवा.

---

अंगणवाट | मंगळवार, सकाळी ९:१५

मावशी, परांची दादा, मनापासून आभार. कलम १५२ची माहिती खरंच कुणालाच नव्हती, आमच्या ओळखीच्या वकिलांनाही मी आत्ता फोन करून सांगितली. मोठ्या बोर्डाचं काय ते कुणी सांगेल का?

---

नकाशे_आणि_मी | मंगळवार, दुपारी १:२०

तो माहितीफलक. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत, म्हणजे २०२०च्या यूडीसीपीआरमध्ये, परवानगी मिळाल्यावर जागेवर लावायचा म्हणून सांगितलेला. मालक-विकासकाचं नाव, आर्किटेक्ट, सर्वे नंबर, परवानगीचा क्रमांक व तारीख, मंजूर क्षेत्र असा मजकूर. मुंबईत विकास नियमावली वेगळी असली तरी असा फलक तिथेही लागतो. महारेराच्या नोंदणीचा क्यूआर कोड १ ऑगस्ट २०२३पासून जाहिरातींवर सक्तीचा झालाय, त्यामुळे बऱ्याच बोर्डांवर तोही असतो.

हा बोर्ड घर घेणाऱ्याला आणि तक्रार करणाऱ्याला उपयोगी. खड्ड्यात पडणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. सुपरवायझरने तो दाखवणं म्हणजे अपघात झाल्यावर गाडीची आरसी दाखवण्यासारखं. पण ताई, त्याचा फोटो जरूर काढा. तक्रारीत कोणाचं नाव घालायचं ते त्याच्यावरूनच कळेल.

---

निवृत्त_रूळकरी | मंगळवार, दुपारी ३:५०

मी रस्त्यांच्या कामातून निवृत्त झालेला अभियंता. दोन गोष्टींची भर घालतो.

चर पदपथावर आहे, म्हणजे प्लॉटच्या हद्दीबाहेर. त्यासाठी महापालिकेची स्वतंत्र खोदाई परवानगी लागते आणि तिच्या अटी असतात. ती परवानगी आहे का, कुठल्या तारखेपर्यंत आहे, आणि अटींत काय लिहिलंय, हे आधी मागा. तोंडी मिळालं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, तीस दिवसांची मुदत.

दुसरं, रस्त्यावरच्या कामासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शक पुस्तिका आहे, आयआरसी एसपी ५५, २०१४ची आवृत्ती. तिच्यात कामाच्या जागेचे चार भाग पाडलेत. आधी सूचना देण्याचा पट्टा, मग वाहन बाजूला वळवण्याचा पट्टा, मग प्रत्यक्ष काम, आणि शेवटी परत मूळ मार्गावर आणणारा पट्टा. पहिल्या पाटीचं अंतर वाहनांच्या वेगावर ठरतं. वेग जास्त तर पाटी लांब. पाटी परावर्तक हवी, म्हणजे हेडलाइट पडला की चमकणारी. फ्लेक्स चमकत नाही. आमच्या काळात रॉकेलचा लाल कंदील टांगून चौकीदार बसवायचो. त्या कंदिलाखाली माणूस जागा आहे की नाही ते बघायला मी स्वतः रात्री दोन वाजता स्कूटरवर चक्कर मारायचो. एकदा गेलो नाही, आणि त्याच रात्री एक दूधवाला पडला. पायाला टाके पडले. तीस वर्षं झाली, अजून आठवतं.

मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने १९८(अ) कलम आलंय. रस्त्याच्या रचनेचे, बांधणीचे, देखभालीचे सुरक्षामानक न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला, सल्लागाराला एक लाखापर्यंत दंड. तुमच्या प्रकरणाला ते थेट लागेल असं नाही, पण रस्त्याच्या कामावरच्या मंडळींनी लक्षात ठेवावं.

---

छोटा_ठेकेदार | मंगळवार, रात्री ९:३०

ताई, तुमच्या सासऱ्यांना झालेल्या त्रासाबद्दल वाईट वाटलं. मी ड्रेनेजची छोटी कामं घेतो. हाताखाली सहा माणसं. आमचीही बाजू ऐका. परावर्तक पाट्या दोन दिवसांत चोरीला जातात, भंगारात विकतात. पत्रे लावले तर रात्री लोकच सरकवतात, त्यांना दुचाकी काढायची असते. सकाळी येऊन बघतो तर चर उघडा. आणि वर जो कायदा सांगितला तो दहा किंवा जास्त कामगारांना लागू, असं मी ऐकलंय. सहा माणसांच्या कामावर सगळं कसं परवडणार?

---

परांची | मंगळवार, रात्री १०:४५

दादा, तुमची अडचण खरी आहे, मी ती नाकारत नाही. दहाची मर्यादा आहे हेही बरोबर. सुरक्षा अधिकारी नेमायची सक्ती तर जुन्या नियमांत पाचशे कामगारांपासून पुढे होती, नव्या सुरक्षा संहितेत अडीचशेपासून आहे, म्हणून छोट्या साइटवर हे बघायला कोणी नसतं आणि सगळं सुपरवायझरच्या मनावर राहतं. पण मावशींनी सांगितलेली न्याय संहितेची कलमं कामगार मोजत नाहीत. एकट्या माणसाने खणलेल्या खड्ड्यालाही ती लागतात.

मी छोट्या कामांवर जे केलंय ते सांगतो. संध्याकाळपर्यंत बुजवता येईल तेवढाच चर सकाळी उघडायचा. दहा मीटर उघडून चार दिवस ठेवण्यापेक्षा रोज अडीच मीटर. उघडा ठेवावाच लागला तर वर आठ-दहा मिलिमीटरची लोखंडी प्लेट टाकायची, ती कोणी सरकवत नाही, दुचाकीही वरून जाते. पण चराच्या रुंदीप्रमाणे जाडी तपासून घ्या. रुंद चराला पातळ प्लेट वाकते. पत्रे लावायचे तर नुसते टेकवू नका, पाइपला क्लॅम्पने आवळा आणि पायाशी वाळूच्या गोण्या. बॅटरीचा लुकलुकणारा दिवा दोन्ही टोकांना. आणि लोकांना दुचाकी काढायला वाट लागतेच, ती आपणच आखून द्यायची. वाट ठेवली नाही की पत्रे सरकणारच.

---

छोटा_ठेकेदार | मंगळवार, रात्री ११:१०

वाट ठेवायचं कधी सुचलं नव्हतं. उद्याच्या कामावर करतो. प्लेट भाड्याने मिळते का बघतो.

---

खडूफळा | बुधवार, सकाळी ६:५५

मी बांधकाम मजुरांच्या मुलांना शिकवते, साइटवरच्याच पत्र्याच्या खोलीत. परांची यांनी भाषेचा नियम सांगितला, त्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या साइटवर ओडिशा, झारखंड, पश्चिम बंगाल आणि तेलंगणातली माणसं आहेत. फाटकावर मोठी पाटी इंग्रजीत. आत लिफ्टच्या मोकळ्या खोबणीपाशी मराठीत 'धोका, पुढे जाऊ नये'. माझ्या वर्गातली एक ओडिया मुलगी, आठ वर्षांची, मराठी अक्षरं नुकतीच शिकलेली. ती पाटी बोट ठेवून वाचत होती आणि मागे तिची आई उभी होती. आई दीड वर्ष त्या खोबणीशेजारून डोक्यावर घमेलं घेऊन जात होती. पाटीवर काय लिहिलंय ते तिला त्या दिवशी लेकीकडून कळलं.

'बहुसंख्य कामगारांना समजेल अशी भाषा' हे शब्द नियमात कोणीतरी विचार करून घातलेत. पण बहुसंख्य कोण हे दर तीन महिन्यांनी बदलतं. एक टोळी जाते, दुसरी येते. पाटी मात्र पहिल्या दिवशी लावलेलीच राहते.

---

परांची | बुधवार, सकाळी ८:२०

खडूफळा ताई, तुमचा प्रतिसाद आज सकाळच्या टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे काम सुरू करण्याआधी कामगारांशी सुरक्षेवर होणाऱ्या छोट्या बोलण्यात, वाचून दाखवला.

म्हणूनच चित्राची पाटी. आयएस ९४५७ हे भारतीय मानक रंग आणि आकार ठरवतं. पिवळा त्रिकोण, काळी कड म्हणजे धोक्याचा इशारा. लाल वर्तुळात तिरकी रेघ म्हणजे मनाई. निळं वर्तुळ म्हणजे हे कराच, हेल्मेट घाला वगैरे. हिरवा म्हणजे सुटकेची वाट, प्रथमोपचार. अक्षर न येणाऱ्यालाही कळावं हाच हेतू. पण चित्रही शिकवावं लागतं. नवीन टोळी आली की पहिल्या दिवशी साइटभर फिरवून प्रत्येक पाटीपाशी उभं करून सांगायचं, त्यांच्यातल्याच एकाने त्यांच्या भाषेत.

विजेचं एक राहिलं. २५० व्होल्टच्या वरच्या पॅनेलवर, जनरेटरवर कवटी-हाडांची धोकापाटी हिंदी किंवा इंग्रजीत आणि जिल्ह्याच्या स्थानिक भाषेत लागते. म्हणजे आपल्याकडे मराठी हवीच. साइटवरचं तात्पुरतं पॅनेल हे अनेकदा दोरीने बांधलेलं लाकडी फळकूट असतं, पाटी कुठली. पावसाळ्याच्या आधी प्रत्येकाने आपल्या शेजारच्या साइटचं पॅनेल एकदा बघा.

---

लीड्सवरून | बुधवार, दुपारी २:३०

माझ्या पत्नीला फार कमी दिसतं. इथे इंग्लंडमध्ये रस्ता खणला की पदपथाच्या बाजूला सलग अडथळा लागतो, आणि त्याच्या तळाशी जमिनीलगत एक आडवी पट्टी असते. पांढऱ्या काठीचं टोक त्या पट्टीवर आपटतं आणि अंध माणसाला कळतं की पुढे जायचं नाही. १९९१च्या रस्ते कायद्याखालच्या सुरक्षा संहितेत ती पट्टी आहे. पुण्याला आलो की मी पत्नीचा हात सोडत नाही, कारण रिबन काठीला लागतच नाही. काठी खालून जाते. पाटीची चर्चा चालली आहे म्हणून लिहिलं. जो पाटी बघूच शकत नाही त्याचाही विचार तक्रारीत घाला.

---

वकीलमावशी | बुधवार, रात्री ८:०५

फार महत्त्वाचा मुद्दा. अंगणवाट, अर्जात ही ओळ घाला : 'पदपथ ज्येष्ठ नागरिक व दृष्टिबाधित व्यक्तींच्या वापरात आहे.'

आणि दंडाबद्दल. जुन्या बांधकाम कामगार कायद्यात सुरक्षेचे नियम मोडल्याबद्दल तीन महिने किंवा दोन हजार रुपये दंड होता. दोन हजार. एक परावर्तक पाटी आणि स्टँड त्याहून महाग पडत असेल. नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत कर्तव्य न पाळल्याने मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख दंड किंवा दोन्ही, आणि दंडातला किमान अर्धा भाग पीडिताला किंवा वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं. आस्थापनेच्या आतल्या माणसाच्या गंभीर दुखापतीलाही लाखांतला दंड आहे. ऑक्टोबर २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे झालेल्या मृत्यूसाठी सहा लाख आणि जखमींसाठी पन्नास हजार ते अडीच लाख भरपाईचा आदेश दिला, तोही वाचून ठेवा. खणलेला चर त्यात बसतो की नाही यावर वाद होऊ शकेल, पण मागणी करायला हरकत नाही.

फोटो काढताना एक करा. रात्री पावणेनऊलाच, सासरे ज्या दिशेने आले त्याच दिशेने चालत, दर दहा पावलांवर एक फोटो. फ्लॅश बंद. पाटी कितव्या फोटोत दिसते ते आपोआप कळेल.

---

अंगणवाट | पुढचा रविवार, रात्री ९:४०

सगळ्यांना कळवायचं होतं. मावशींनी सांगितल्याप्रमाणे फोटो काढले. आठ फोटो, एकातही पाटी नाही. आठव्यात टेंपोचं चाक दिसतं. तेच फोटो लावून क्षेत्रीय कार्यालयात अर्ज दिला, प्रत पोलीस ठाण्यात, आणि कलम १५२चा अर्जही तयार करून घेतला. शुक्रवारी कनिष्ठ अभियंता येऊन गेले. शनिवारी दुपारपर्यंत चरावर प्लेट, दोन्ही बाजूंना पत्रे, तळाशी आडवी फळी (लीड्सच्या दादांनी लिहिलेली पट्टी मी सुपरवायझरला समजावली होती), आणि मध्ये चालायला चार फुटांची वाट. दिवाणी दाव्याचं अजून ठरवायचंय, सासऱ्यांचं प्लास्टर निघेपर्यंत थांबतोय.

खडूफळा ताई, आमच्या शेजारच्या या साइटवरचेही बरेच मजूर ओडिया बोलतात. तुमच्या वर्गातल्या मुलीच्या अक्षरात चार ओळी मिळतील का? पाटी रंगवून द्यायला सुपरवायझर तयार आहे.

आत्ताच तिथून चालत आले. उजव्या टोकाचा दिवा पेटत नव्हता. फोटो पाठवला, वीस मिनिटांनी एक मुलगा सेल बदलून गेला.

---

खडूफळा | रविवार, रात्री १०:०२

उद्या लिहून घेते. तिच्या आईकडून शब्द तपासून मगच पाठवते.